पेन्सिलीतली भरती

(दृश्य: पहाट. मसुऱ्याच्या भरतगडावरून दिसणारी खाडी. समोरच्या काठावर धुक्यात भगवंतगड.)

निवेदन:

गड नदी सह्याद्रीतून निघते, कणकवलीवरून खाली उतरते आणि इथे, मालवण तालुक्यात, तिचं पाणी खारट लागायला लागतं. ही कालावलची खाडी. पुढे तोंडवळी-तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीपलीकडे समुद्र.

माझा अण्णाकाका हिला नुसतं 'पाणी' म्हणायचा. पाणी चढता. पाणी सुकता. आज पाण्यात काय नाय.

(दृश्य: स्वयंपाकघराचं दार. दारामागे खिळ्याला सुतळीने बांधलेला जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा.)

काका एसटीत कंडक्टर होता. ड्युटी संपली की खाकी शर्ट काढून ठेवायचा, चिव्याची काठी उचलायचा आणि गरवायला जायचा. गरवायला म्हणजे गळ टाकून मासे धरायला. काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसाला शिशाचा मणी, टोकाला गरी आणि गरीला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी. सुंगटाच्या शेपटीकडून गरी कशी घालायची, म्हणजे ते मरत नाही आणि पाण्यात उड्या मारत राहतं, हे त्याने मला किमान वीस वेळा दाखवलं असेल. मी मुंबईचा. मे महिना आणि गणपती एवढंच माझं गाव. माझ्या हातून सुंगट दर वेळी मेलं.

परत येताना वाटेत कोणीतरी विचारायचंच, "काय गावला?"

"वारो गावलो," काका सांगायचा. पिशवीत दोन तांबोश्या असल्या तरी हेच उत्तर.

(दृश्य: कॅलेंडरचं एक पान, अगदी जवळून. प्रत्येक चौकटीत दोन अक्षरं: एक निळ्या पेनातलं, एक पेन्सिलीतलं.)

हा गठ्ठा मला काकीने दाखवला. कालनिर्णयच, पण वापरलेला दोघांनी. निळं पेन काकीचं: दूध दीड, दूध दीड, गॅस आला, दूध दोन. पेन्सिल काकाची: 6.00, 6.45, 7.30. त्याखाली मासे. 'तांबोशी 2.' 'काळुंदर 5.' 'शेंगटी, हाताक काटो.' आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं 'वारो'.

आकडे भरतीचे. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. दिवसातून दोनदा भरती, म्हणून सकाळचे सहा आणि संध्याकाळचेही साधारण सहा. रोज तिथी एकाने पुढे, भरती पाऊण तासाने पुढे. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक थोडा मागेपुढे होतो. काका महिन्याच्या एक तारखेला पान उलटायचा, पेन्सिलीला टोक करायचा आणि पुऱ्या महिन्याच्या वेळा एका बैठकीत लिहून काढायचा. मासे मात्र त्या त्या दिवशी.

एकच तारीख लाल पेनाने चौकोन करून. आंगणेवाडीची जत्रा. ती तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणजे काकाच्या गणितात न बसणारी वर्षातली ही एकच गोष्ट.

(दृश्य: जून. भरलेला व्हाळ, म्हणजे ओढा, पाण्याखाली गेलेले शेताचे मेर, म्हणजे बांध.)

1 जून ते 31 जुलै समुद्रात यंत्राच्या होड्या बंद असतात. खाडीत आणि व्हाळात तेव्हाच धामधूम. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे उलट्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध, थेट भातशेतीत चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे. रात्री बॅटरी आणि कोयता घेऊन अख्खी वाडी बाहेर पडते. तरुणपणी काकाही पुढे असायचा. मग जायचा बंद झाला. एका रात्री पाटीभर मासे आणले आणि काकी साफ करायला बसली, तर एकूण एक माशात गाबोळी, म्हणजे अंडी. "ही पुढच्या वर्षीची पाटी," एवढंच म्हणाला म्हणे. शेजाऱ्यांनी चढणीच्या माशांचं तिखलं पाठवलं, तर मात्र ताट पुसून खायचा. काका संत वगैरे नव्हता.

मोठ्या चोणकाला तो कायम 'ती' म्हणायचा. मला वाटायचं लाडाने म्हणतो. चोणक, रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो, लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी वाढून मादी होतो, हे मी फार उशिरा वाचलं. काकाने वाचलं नसणार. पण आयुष्यभर मासे चिरताना पाहिलेले, गाबोळी मोठ्यातच निघते हे त्याच्या नजरेतून कसं सुटेल?

एका पानावर लिहिलंय, 'चोणक. ती. सोडली.'

"सोडल्यान कसली! तुटान गेली असतली," काकी आतून.

(दृश्य: गठ्ठ्यातलं दुसरं पान. कॅमेरा हलत नाही.)

हे माझे वडील गेले तो दिवस. एकादशी होती. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. चौकटीत 8.15 आणि त्याखाली, 'गेलो नाय'.

दोघे सख्खे भाऊ. पोहायला एकाच दिवशी शिकले, याच धक्क्यावर. वडील मुंबईला गिरणीत गेले, काका इथे राहिला. पत्र दोघांनीही कधी लिहिलं नाही. त्यापुढचे दिवस फक्त वेळा: 9.00, 9.45, 10.30. चौदाव्या दिवशी, 'शेंगटी 1'.

(दृश्य: खाडीचा काठ. टेकून ठेवलेली काठी. खांबावर बसलेला खंड्या.)

काका गेला गेल्या नोव्हेंबरात, पाच तारखेला. आजार नाही, काही नाही. दुपारचा झोपला तो उठला नाही.

(दृश्य: नोव्हेंबरचं पान, पूर्ण.)

पाच तारखेनंतर मासे नाहीत. भरतीच्या वेळा मात्र तीस तारखेपर्यंत आहेत, त्याच बारीक अक्षरात. त्या त्याने एक तारखेलाच लिहून ठेवल्या होत्या. शेजारी निळं पेन. माणसं भेटायला येत होती, चहा होत होता: दूध तीन, दूध तीन, दूध तीन. असं अठरा तारखेपर्यंत.

एकोणीस तारखेला, दूध अर्धा.