फेरफार नोंद आणि ब्रिगेडिअरची निवृत्ती

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

माझी सगळी वकिली नागपूरच्या दिवाणी न्यायालयांत जमिनीचे दावे चालवण्यात गेली. तेव्हा एका विज्ञानकथा मालिकेवर बोलायला या माणसाला कशासाठी उभे केले, असा प्रश्न समोरच्या दोन-तीन चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतो आहे. याचे कारण माझी पुतणी आहे. धरमपेठेतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी तिचे चार-पाच मित्रमैत्रिणी तर्री-पोह्यांच्या निमित्ताने जमतात आणि दुपार होईपर्यंत 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेवर भांडतात. सुरुवातीचे काही रविवार मी वर्तमानपत्राआड बसून ही पोरे वेळ कसा वाया घालवतात याचे मनातल्या मनात टिपण करत होतो. एके दिवशी त्यांच्यातला एक मुलगा तावातावाने म्हणाला, "ते तिने नुसते तोंडी सांगितले आहे; कागद कुठे आहे?" मी वर्तमानपत्र खाली ठेवले. हे वाक्य मी आयुष्यभर अर्जदाराच्या वकिलाला ऐकवत आलो होतो.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. काळातून प्रवास करणारा, परग्रहावरचा 'डॉक्टर' हा तिचा नायक. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये नायकाचा देहच पालटतो अशी युक्ती काढली गेली आणि तिच्या बळावर मालिका इतकी वर्षे टिकली. इतक्या वर्षांत शेकडो हातांनी ती लिहिली. आधीच्या माणसाने काय लिहून ठेवले आहे, हे नंतरच्या प्रत्येकाने वाचलेले असणे शक्यच नव्हते, आणि खरे सांगायचे तर तशी गरजही कोणाला वाटत नव्हती. साठच्या दशकात एकदा दाखवलेला भाग प्रेक्षकाला परत पाहायला मिळेल याची शाश्वती नव्हती. ध्वनिचित्रफिती महाग असत, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि त्यामुळे त्या काळातले नव्वदाहून अधिक भाग आजही हरवलेलेच आहेत. लेखक शनिवारच्या एका संध्याकाळपुरते वाक्य लिहीत होता. ते वाक्य कोणी पन्नास वर्षे जपून ठेवील आणि दुसऱ्या वाक्यासमोर उभे करून त्याची उलटतपासणी घेईल, हे त्याच्या स्वप्नातही नसावे.

आता मूळ दाव्याकडे येतो. मालिकेत 'युनिट' नावाचे एक लष्करी पथक आहे आणि त्याचा प्रमुख आहे ब्रिगेडिअर लेथब्रिज-स्ट्यूअर्ट. निकोलस कोर्टनी यांनी ही भूमिका वर्षानुवर्षे केली. प्रश्न असा, की या पथकाच्या कथा नेमक्या कोणत्या वर्षी घडतात? त्या पडद्यावर आल्या प्रामुख्याने १९६८ ते १९७५ या काळात. त्या प्रसारणाच्याच वर्षी घडतात, की काही वर्षे पुढच्या भविष्यात?

वादीचा पक्ष भविष्याचा आहे, आणि त्याच्याकडे साक्षीदार भरपूर आहेत. १९६७ मधली एक कथा तिबेटात, १९३५ साली घडते. त्या कथेतला प्राध्यापक ट्रॅव्हर्स १९६८ च्या 'द वेब ऑफ फिअर'मध्ये म्हातारा होऊन परत येतो, आणि मधे चाळीसहून अधिक वर्षे गेल्याचे आपल्याला कळते. म्हणजे साल झाले १९७५ च्या आसपास. त्याच वर्षीच्या 'द इन्व्हेजन'मध्ये ब्रिगेडिअर सांगतो, की त्या प्रसंगाला चार वर्षे झाली असतील. म्हणजे १९७९. पुढे १९७५ च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मध्ये डॉक्टरबरोबर काळातून फिरणारी सारा जेन ही पत्रकार आपण १९८० मधून आल्याचे स्वच्छ सांगते, आणि हे तिचे नुसते बोलणे नाही, कारण डॉक्टर तिला प्रत्यक्ष १९८० मध्ये नेऊन, आपण आता हात झटकले तर पृथ्वीची कशी राख होईल ते दाखवतो. त्याच वर्षीच्या आणखी एका कथेत ब्रिगेडिअर दूरध्वनीवर पंतप्रधानांशी बोलताना त्यांना 'मॅडम' म्हणतो. ब्रिटनला पहिली महिला पंतप्रधान मिळाली १९७९ मध्ये. हा शेवटचा पुरावा पुतणीने माझ्यासमोर ज्या थाटात ठेवला, तो थाट मी वरिष्ठ न्यायालयातही फार थोड्यांकडे पाहिला.

प्रतिवादीचा साक्षीदार एकच आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये आलेली 'मॉड्रिन अनडेड' ही कथा. तिच्यात ब्रिगेडिअर लष्करातून निवृत्त होऊन मुलांच्या एका शाळेत गणित शिकवतो आहे, आणि साल आहे १९७७. म्हणजे सारा १९८० मधून निघते तेव्हा ज्याच्या हाताखाली युनिट चालले आहे, तो माणूस त्याआधी तीन वर्षे फळ्यावर समीकरणे सोडवत होता! या घोळाचे कारणही मोठे गमतीचे आहे. ही कथा मुळात ब्रिगेडिअरसाठी रचलीच नव्हती. मालिकेच्या अगदी सुरुवातीला डॉक्टरबरोबर फिरणारा इयन नावाचा एक शिक्षक होता. त्याला परत आणायचे ठरले होते, परंतु तो नट उपलब्ध झाला नाही आणि त्याच्या जागी ब्रिगेडिअर आला. शाळा मात्र तशीच राहिली. जागा एकाच्या नावावर आणि ताबा दुसऱ्याकडे, असे दावे मी कितीतरी पाहिले आहेत.

आता साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात, हे आमच्या व्यवसायातले पहिल्या वर्षी शिकवले जाणारे तत्त्व आहे. साराचे '१९८०' हे वाक्य काढून तिथे '१९७५' घातले, तर त्या कथेचे काहीही बिघडत नाही. उलट १९८३ च्या कथेतून १९७७ काढून पाहा. राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाल्याचा उत्सव त्या कथेत दिसतो, आणि तो उत्सव कधी झाला हे इंग्लंडच्या इतिहासात कायमचे नोंदलेले आहे. शिवाय १९७७ चा ब्रिगेडिअर आणि १९८३ चा ब्रिगेडिअर एकमेकांना भेटतात, याच गोष्टीवर कथेचा सगळा डोलारा उभा आहे. एक साल बोलण्याच्या ओघात आले आहे, दुसरे पायात गाडलेले आहे. म्हणून माझा कौल, पुतणीची क्षमा मागून, प्रतिवादीच्या बाजूने आहे. ट्रॅव्हर्सची चाळीस वर्षे ही म्हाताऱ्या माणसाची ठोकळ आठवण म्हणून सोडून देता येते. साराचे १९८० असे सोडता येत नाही, कारण त्याला डॉक्टरच्या कृतीचा आधार आहे. ते नाकारायचे असेल तर नाकारतो आहोत असे उघड म्हणून नाकारावे लागेल.

मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. या मुलांचा वाद वरवर पाहता तारखांचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो पुराव्यांच्या पायरीचा असतो. पडद्यावर दिसलेले मोठे की पात्राने सांगितलेले मोठे? निर्मात्याने नंतर मुलाखतीत सांगितलेला हेतू कितपत धरायचा? हरवलेल्या भागाचे काय करायचे? डॉक्टर आणि लेथब्रिज-स्ट्यूअर्ट यांची पहिली भेट 'द वेब ऑफ फिअर'च्या तिसऱ्या भागात आहे. त्या कथेचे हरवलेले भाग २०१३ मध्ये नायजेरियातून परत मिळाले, त्यात नेमका तिसराच नव्हता. आज तो ओळखता येतो तो काही स्थिरचित्रांवरून आणि त्या काळी घरी बसून दूरचित्रवाणीचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणाऱ्या चाहत्यांमुळे. मूळ दस्तऐवज नष्ट झाला असेल तर दुय्यम पुरावा देता येतो, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. धरमपेठेतल्या मुलांना कलम ठाऊक नव्हते. तत्त्व त्यांनी स्वतः शोधून काढले होते.

हा खेळ दूरचित्रवाणीने सुरू केला असेही नाही. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याला युद्धात लागलेली गोळी १८८७ च्या कथेत खांद्यात आहे आणि १८९० च्या कथेत पायात. त्याचे नाव जॉन. पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. डोरोथी सेयर्स या लेखिकेने यावर तोडगा काढला, की वॉटसनच्या नावातले मधले 'एच' हे अक्षर म्हणजे 'हेमिश', आणि हेमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप आहे. हे उत्तर मला फार आवडते, कारण ते एकही कागद फाडत नाही. दोन कलमांत विसंगती दिसली, तर दोन्ही जिवंत राहतील असा अर्थ आधी शोधावा, असे न्यायालयेही सांगतात.

आपल्या पुराणांच्या टीकाकारांकडे याहून सोपी तोड होती. दोन पुराणांत एकच कथा दोन तऱ्हांनी आली, की ते म्हणत, हा कल्पभेद आहे. ती कथा एका कल्पात घडली, ही दुसऱ्या कल्पात. पुतणीच्या कंपूतला एक जण युनिटच्या बाबतीत हेच म्हणतो: काळाचा प्रवाहच मधे बदलला, म्हणून दोन्ही साले खरी. त्याच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, परंतु हा युक्तिवाद मला मान्य नाही. कल्पभेद लावला की मग कुठलाच दावा उरत नाही. जो तोडगा प्रत्येक विसंगतीला सारखाच लागू पडतो, तो एकाही विसंगतीबद्दल काही सांगत नाही.

इथे गाव नमुना सहाची आठवण काढतो. शेतीचा व्यवहार झाला की पटवारी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, ती मंजूर झाली की सातबाऱ्यावर नवे नाव चढते आणि जुन्या नावाला कंस होतो. जुने नाव खोडून नाहीसे करायचे नसते. कंसात ते वाचता येते, आणि कोणत्या फेरफाराने ते कंसात गेले तो क्रमांकही तिथेच असतो. मालिकेचे लेखक जेव्हा जुनी गोष्ट मागाहून बदलतात, तेव्हा मी एवढेच पाहतो, की त्यांनी कंस केला की खोडरबर चालवले.

डॉक्टरच्या जातीच्या लोकांना बाराच वेळा देह पालटता येतो, असा नियम १९७६ च्या एका कथेने घालून दिला. तेव्हा चौथा डॉक्टर चालू होता. तेरावा येईपर्यंत कोण जगणार आहे, असे लेखकाला वाटले असणार. २०१३ च्या नाताळात ती मर्यादा खरोखरच येऊन ठेपली. लेखकांनी नियम विसरल्याचे सोंग घेतले नाही. नियम मान्य केला, आणि डॉक्टरला नवे देहचक्र बहाल झाल्याचे दाखवले. हा स्वच्छ फेरफार. १ मार्च २०२० रोजी मात्र असे उघड करण्यात आले, की हार्टनेलच्या डॉक्टरआधीही डॉक्टरचे अनेक जन्म होऊन गेले आहेत. घरात त्यावरून दोन महिने वातावरण तापलेले होते. ज्यांना ते पटले त्यांनी जानेवारी १९७६ मधले एक दृश्य बासनातून काढले. त्यात मनाच्या द्वंद्वयुद्धात पडद्यावर आठ अनोळखी चेहरे उमटतात, आणि ते डॉक्टरचे पूर्वीचे चेहरे असावेत असाच तेव्हाच्या निर्मात्याचा हेतू होता. विरोधक म्हणतात, ते चेहरे प्रतिस्पर्ध्याचे. माझ्या मते दस्तऐवज अस्सल आहे, पण चव्वेचाळीस वर्षे त्यावर कोणी हक्क सांगितला नव्हता, आणि मुदतीचा कायदा शिकलेल्या माणसाला ही गोष्ट खटकतेच.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहावरच्या जमातीचे कपाळ साठच्या दशकात आपल्यासारखे सपाट होते आणि १९७९ च्या चित्रपटात त्यावर उंचवटे आले. कारण एवढेच, की रंगभूषेला पैसा मिळाला. १९९६ मध्ये त्यांच्यातल्याच एकाला हे विचारले जाते, तेव्हा तो म्हणतो, की परक्यांशी आम्ही यावर बोलत नाही. तिथेच थांबायला हवे होते. २००५ मध्ये विषाणूची सविस्तर कथा रचून खुलासा करण्यात आला आणि एक उत्तम विनोद वाया गेला.

एक तक्रारही नोंदवतो. एका रविवारी एक नवी मुलगी आली. तिने फक्त २००५ नंतरचे भाग पाहिले होते. तिला एकामागून एक प्रश्न विचारण्यात आले, तारखा विचारण्यात आल्या, आणि ती पुन्हा आली नाही. उलटतपासणी साक्षीदाराची करायची असते. न्यायालयात येऊन मागच्या बाकावर बसलेल्या माणसाची नाही. हे मी त्यांना सांगितले. त्या दिवशी दुसरी फेरी पोह्यांची झाली नाही.

आपल्याकडे झिरो माइलच्या दगडावरून असाच प्रश्न विचारता येतो. तो देशाचा मध्यबिंदू आहे असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण दगड इंग्रजांच्या काळातला आहे, आणि १९४७ मध्ये देशाच्या सीमा बदलल्या. मग मध्य जागचा हलला नाही तो कसा? मी हे एकदा घरी बोललो. पुतणी म्हणाली, "काका, तुमची पण सुरुवात झाली."

शेवटी त्या दाव्याचे पुढे काय झाले ते सांगतो. मालिकेचे आताचे लेखक हे सगळे वाद ऐकत मोठे झाले आहेत. २००८ मध्ये डॉक्टर स्वतःच अडखळतो, की आपण युनिटमध्ये सत्तरच्या दशकात काम केले, का ते ऐंशीचे होते. २०१३ मध्ये, मालिकेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ब्रिगेडिअरची मुलगी केट ही युनिटची प्रमुख आहे. ती वडिलांच्या काळातली एक फाइल मागवते. फाइलचे नाव 'क्रोमर'. आणि ती सत्तरच्या दशकातली असेल किंवा ऐंशीच्या, कालगणनेची कोणती पद्धत धरली आहे त्यावर ते अवलंबून, असे ती हाताखालच्या माणसाला सांगते.  फाइलवरची तारीख आपल्याला दाखवत नाहीत.

पुतणीने ते दृश्य मला तीनदा थांबवून दाखवले.