शून्य वेळेची प्लेट

पडद्यावर दिसते ती ९६ खळग्यांची प्लेट. तळाला चिकटलेल्या पेशी एमसीएफ-७ या सेल लाइनच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींच्या वंशाच्या आहेत. १९७० मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या, आणि त्यांचे वंशज आजही वाढताहेत. नवीन औषध माणसापर्यंत जाण्याच्या खूप आधी अशा पेशींवर तपासलं जातं. एसआरबी ही त्यातली एक खात्रीची चाचणी; तिच्यात पेशींतली प्रथिनं रंगवतात आणि रंग किती गडद यावरून पेशी किती ते कळतं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रातही ती केली जाते.

प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर माध्यम (पेशींना पोसणारा द्रव) आणि ५,००० ते ४०,००० पेशी. नेमका आकडा त्या पेशी किती वेगाने दुप्पट होतात यावर ठरतो. जास्त घातल्या तर औषध नसलेले खळगे मुदतीआधीच भरून जातात, तिथली वाढ आपोआप थांबते आणि चांगलं औषधही दुबळं दिसतं. कडेच्या खळग्यांतलं पाणी लवकर उडतं, म्हणून तिथे पेशींविना नुसतं बफर (क्षारांचं द्रावण) भरायचं.

३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पेशी २४ तास स्थिरावतात. आता औषध द्यायचं. पण त्याच क्षणी एक प्लेट बाजूला काढून तिच्यातल्या पेशी आम्लाने मारून जागीच पक्क्या करायच्या. ही शून्य वेळेची प्लेट. घाईत हीच गाळली जाते, आणि मग पुढच्या आकड्यांचा अर्थच बदलतो.

समजा, रंगाचं मोजमाप सुरुवातीला ०.३ होतं. ४८ तासांनी औषधाविना १.२ झालं, औषधासह ०.६. शून्य वेळेची प्लेट नसेल तर निष्कर्ष निघतो, ‘निम्म्या पेशी मेल्या’. प्रत्यक्षात ०.३ चे ०.६ झाले, म्हणजे पेशी दुप्पट झाल्या! ०.९ वाढ व्हायची ती ०.३ झाली, म्हणजे एक तृतीयांश. औषधाने वाढ मंदावली, एवढंच म्हणता येतं. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे जीआय-५०, पूर्ण थांबवणारी टीजीआय. मोजमाप सुरुवातीच्याही निम्म्यावर उतरलं, तर ती एलसी-५०. पेशी मारणारं औषध या शेवटच्या आकड्यात ओळखू येतं.

औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवून दहा-दहा पटीने कमी होत जाणाऱ्या पाच मात्रा देतात. तेवढंच डीएमएसओ औषध नसलेल्या खळग्यांतही हवं. पाणीदार माध्यमात पडताच काही रसायनांचे स्फटिक होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले, तर वहीत लिहिलेली मात्रा पेशींना मिळालेलीच नाही.

४८ तासांनी ५० टक्के तीव्रतेचं थंडगार ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, खळग्यामागे ५० मायक्रोलिटर, भिंतीवरून हळूच सोडायचं. थेट धार सोडली तर पेशी सुटतात आणि त्या औषधाने मेल्याचा भास होतो. ४ अंशांवर एक तास ठेवून पाण्याने पाच वेळा धुवायचं, वाळवायचं. मग ०.४ टक्के सल्फोऱ्होडामाइन बी, म्हणजेच एसआरबी. हा गुलाबी रंग आम्लात प्रथिनांना धरून राहतो, म्हणून जादा रंग १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लानेच धुवायचा. वाळल्यावर ट्रिस बेस या अल्कधर्मी द्रावणात तो सुटतो आणि ५१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजला जातो.

या रंगाची एक मर्यादा आहे. मेलेली पण तळाला चिकटून राहिलेली पेशीही तो रंगवतो. तरी वनस्पतींचे अर्क तपासताना एमटीटी या, जिवंत पेशींनी बनवलेला रंग मोजणाऱ्या चाचणीपेक्षा ही बरी. एमटीटीचा जांभळा रंग क जीवनसत्त्व किंवा अर्कातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं पेशींविनाही तयार करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात.

प्रत्येक फेरीत अ‍ॅड्रियामायसिनसारखं माहितीचं औषध सोबत लावायचं. त्याचा आकडा नेहमीपेक्षा सरकला, तर ती फेरी बाद. आणि पेशींची ओळख एसटीआर, म्हणजे डीएनएच्या ‘ठशां’च्या तपासणीने पटवून घ्यायची. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, ती त्वचेच्या मेलानोमाची निघाली. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूंचा संसर्गही डोळ्यांना दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही. त्यासाठी पीसीआर करायचा, आणि संसर्ग आढळला तर त्या पेशी टाकून देऊन तपासलेली, गोठवलेली नवी कुपी उघडायची.