गाजराच्या रसाचे घोटीव जेल

सातारा शहरातील या स्वयंपाकघरात ओट्यावर महाबळेश्वरची गाजरे, छोटा वजनकाटा आणि चायना ग्रासची पूड एवढेच साहित्य मांडलेले आहे. चायना ग्रास म्हणजे अगर. लाल सागरी शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ आपल्याकडे बहुतेक घरांत दुधाच्या वड्या पाडण्यापुरताच वापरला जातो. सुरीने ज्याचे स्वच्छ चौकोन पडतात ते जेल टणक आणि ठिसूळ असते. भाजीच्या रसाला मात्र चमच्यावर ठरणारा आणि जिभेवर अलगद पसरणारा पोत हवा असतो. त्यासाठी जेल आधी पूर्ण घट्ट होऊ द्यावे लागते आणि मग मोडून घोटावे लागते; हेच घोटीव जेल.

अर्धा लिटर गाळलेल्या रसाला 4 ग्रॅम पूड पुरते. त्यापैकी 200 मिलीलिटर रस पातेल्यात घेऊन तो थंड असतानाच त्यात पूड भुरभुरावी, सतत ढवळत उकळी आणावी आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे उकळू द्यावे. अगर थंड द्रवात विरघळत नाही आणि अर्धवट विरघळले तर जेल नीट धरत नाही, म्हणून येथे घाई करू नये. खुद्द महाबळेश्वरात, उंचीमुळे पाणी सुमारे 95 अंशांनाच उकळत असल्याने, आणखी एक-दोन मिनिटे देणे बरे.

उरलेला 300 मिलीलिटर रस मुद्दाम उकळलेला नाही, कारण ताज्या गाजराची चव त्यातच टिकते. तो आता उकळलेल्या रसात ओतून ढवळावा. तो साध्या तापमानाचा असेल तर मिश्रण 55 अंशांच्या आसपास राहते. फ्रिजमधून काढलेला रस तसाच ओतला तर मिश्रण एकदम 40 अंशांवर येते, अगर तेथल्या तेथे आवळू लागते आणि पातेल्यात तंतू व गुठळ्या दिसू लागतात.

अगर 35 ते 40 अंशांच्या दरम्यान धरते. एकदा धरले की मात्र 85 अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत वितळत नाही. जर्मनीत प्रयोगशाळेत पतीला मदत करणाऱ्या फॅनी हेसे यांनी घरच्या जेलीतला हा गुण ओळखून जिवाणू वाढवण्यासाठी अगर सुचवले, कारण प्रयोगशाळेतील जिलेटिन उष्णतेने पातळ होत असे. जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या 1882 सालच्या क्षयावरील निबंधात अगरचा उल्लेख आहे. स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेलेले हे ज्ञान आहे, याचा अभिमान वाटावा.

तासाभराने घट्ट झालेल्या जेलचे तुकडे मिक्सरच्या भांड्यात पडत आहेत. सुरुवातीला ते रवाळ दिसतात, भांड्याच्या कडेला चिकटतात. कडा खरवडून पुन्हा फिरवल्यावर दाणा नाहीसा होतो आणि पृष्ठभागावर चकाकी येते. जेलचे अतिसूक्ष्म कण आता एकमेकांवरून घसरत असल्यामुळे ते ढवळताना वाहते आणि हात थांबला की जागीच ठरते. बारीक गाळणीतून दाबून काढल्यावर, आत कोंडलेले बुडबुडे वर येण्यासाठी ते थोडा वेळ स्थिर ठेवावे.

लिंबू पिळायचे असेल तर ते आताच, कारण आंबट रसात उकळलेल्या अगरची पकड ढिली पडते. डब्यात रात्रभर ठेवल्यावर थोडे पाणी सुटते, ते ढवळून पुन्हा एकजीव करता येते. वाढण्यापूर्वी मंद आचेवर 60 अंशांपर्यंत गरम केले तरी हे जेल वितळत नाही, त्यामुळे ते गरम भाकरीसोबतही वाढता येते.