व्हॉलीबॉल शिकायचंय? मग आधी स्मॅश विसरा!

राम राम मंडळी! मागे दिसतंय ते आमचं ग्राउंड. काळ्या मातीवर मुरूम टाकून केलंय. नुसती काळी माती ठेवली तर पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. आणि जळगावचा मे महिना म्हणजे... संध्याकाळी सहाशिवाय बॉल बाहेर काढायचाच नाही.

फक्कीने मारलेल्या या रेषा बघा. लांबी 18 मीटर, रुंदी 9. मधोमध नेट, पुरुषांसाठी 2.43 मीटर, बायकांसाठी 2.24. एका बाजूला सहा जण. बॉल पलीकडे पाठवायला तीन स्पर्श मिळतात, ब्लॉकचा, म्हणजे नेटपाशी उडी मारून समोरच्याचा बॉल अडवतानाचा, स्पर्श त्यात धरत नाहीत. एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा मारायचं नाही. बॉल रेषेवर पडला तर आत. त्यावरून भांडू नका!

पॉइंट प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल पडेपर्यंत किंवा चूक होईपर्यंतच्या खेळाला, मिळतो, सर्व्हिस कोणाचीही असो. सेट 25 चा, पण दोनची आघाडी हवी. पाचवा सेट लागला तर 15 चा. समोरच्यांकडून सर्व्हिस परत मिळाली की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांसारखं एकेक जागा सरकायचं. म्हणून 'मी पुढेच उभा राहणार' असं इथे चालत नाही, भो.

आता मुद्द्याचं. नवीन पोरगा आला की त्याला स्मॅश, म्हणजे उडी मारून नेटपलीकडे जोरात खाली फटका, मारायचा असतो. मीही तसाच होतो. पहिल्याच दिवशी जोरात आलेली सर्व्हिस बोटांवर घ्यायला गेलो आणि अंगठा आठवडाभर असा टम्म! अहो, पहिला बॉल नीट उचलला नाही तर लिफ्ट (स्मॅशसाठी नेटजवळ वर उचलून दिलेला बॉल) कशाची देणार आणि स्मॅश कशाचा मारणार?

कॅमेरा जरा जवळ आण रे. पहिला बॉल उचलायचा तो असा, अंडरहँड: एका हाताची मूठ, तिच्यावर दुसरा तळवा. दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी, खाली झुकलेले. कोपरं सरळ. बॉल इथे घ्यायचा, मनगटाच्या वर चार बोटं. मुठीवर लागला तर कुठेही उडेल. आणि हात हलवायचे नाहीत! गुडघे वाकवून बॉलखाली जायचं, जोर पायातून येतो. पहिले दोन-तीन दिवस हात लालभडक होतील. होऊ द्या.

हा खेळ 1895 साली अमेरिकेत विल्यम मॉर्गनने काढला, तेव्हा नाव होतं मिंटोनेट. बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या मोठ्या माणसांसाठी! आता ऑलिम्पिकमधली मॅच लावा आणि सांगा, हा आरामाचा खेळ वाटतो का? 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने ब्राँझ आणलं, त्यात केरळचा जिमी जॉर्ज होता. त्याची उडी यूट्यूबवर सापडली तर बघाच.

सध्या घरची भिंत पकडा. रोज शंभर अंडरहँड, बॉल खाली न पडता. पुढच्या वेळी लिफ्ट शिकू... अरे, गेला का केळीत? थांबा, काका ओरडायच्या आत आणतो.