चार्जर आपला, मग सर्व्हर कुणाचा?

गणपतीला चाकरमानी निघाले की मुंबई-गोवा हायवे भरून जातो आणि आता त्या रांगेत इलेक्ट्रिक गाड्यापण दिसतात. वाटेत कुठेतरी चार्जर सापडतो, लाईट आहे, केबल आहे, पण चालू होत नाही, कारण मोबाईलला रेंज नाही आणि चार्जरचा सर्व्हर, म्हणजे त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर, बसलाय लांब कुठल्यातरी शहरात. कोकणात हे असं चालायचं नाही.

कुणाच्या गाडीला लाईट द्यायची, किती युनिट गेले, हे सगळं चार्जर सर्व्हरशी बोलतो. ते बोलणं ज्या नियमांनी चालतं त्याला ओसीपीपी म्हणतात, 2009 ला नेदरलँड्समध्ये सुरू झालं, खुलं आहे, कुणीपण वापरू शकतो. आणि सर्व्हरपण फुकट मिळतो. स्टीव्ह नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात 2013 ला सुरू झालेलं, साध्या कॉम्प्युटरवर चालतं.

समजा हातखंब्याला तुमची खानावळ आहे. हा कॉम्प्युटर गल्ल्यामागे ठेवला, राऊटर इन्व्हर्टरवर टाकला, की टॉवर पडला तरी चार्जर आणि सर्व्हरचं आपसात चालू राहतं. मधेच वायफाय तुटलं तरी चार्जर हिशोब स्वतःकडे धरून ठेवतो आणि जोडणी आली की पाठवतो.

आता खरी गंमत लोडची. 32 अँपिअरवर एक गाडी साधारण 7.4 किलोवॅट खेचते, दोन लागल्या की पंधराच्या आसपास, वर किचनमधला मिक्सर, फ्रीज, पंप. मंजूर लोड वाढवायचा म्हणजे खर्च आला. त्यापेक्षा सर्व्हरवरून दोघींना 16-16 अँपिअर सांगायचं, गाड्या हळू भरतील पण कट-आऊट उडणार नाही, आणि माणसं तोवर निवांत जेवतील.

अर्थिंग मात्र सॉफ्टवेअर करून देत नाही हां. जांभ्याची जमीन मे महिन्यात सुकते आणि अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून चांगल्या वायरमनकडून ते मोजूनच घ्या, यात काटकसर अजिबात नको.

पैसे घ्यायची सोय स्टीव्हमध्ये नाही, यूपीआय आपल्याला जोडावं लागेल, आणि आपल्या पॉलिटेक्निकच्या पोरांनी ते मनावर घ्यावं असं मनापासून वाटतं, कोड सगळा उघडा पडलाय.

आणि चार्जर विकत घेताना ओसीपीपी आहे एवढं ऐकून पैसे देऊ नका, काही चार्जरमध्ये सर्व्हरचा पत्ता लॉक करून ठेवलेला असतो, मग तो आपल्या सर्व्हरला जोडताच येत नाही. तो पत्ता मला स्वतःला बदलता येईल का, हे विचारा, आणि दुकानातच बदलून दाखवायला सांगा.