मुतखड्यापर्यंत वळत जाणारी दुर्बीण

श्रोतेहो, नमस्कार. मूत्रपिंडातला खडा काढण्यासाठी एके काळी कुशीवर मोठा छेद घ्यावा लागे. आज त्यांपैकी पुष्कळ खडे, कोठेही छेद न घेता, लघवीच्या नैसर्गिक मार्गाने आत नेलेल्या लवचिक दुर्बिणीतून फोडता येतात. 1954 साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून, ते वाकवले तरीही, प्रतिमा पलीकडे नेता येते हे दाखवले आणि पुढे अशा दुर्बिणींचा मार्ग मोकळा झाला. आता बऱ्याच दुर्बिणींच्या टोकाशीच इवलासा कॅमेरा असतो.

मूत्रवाहिनीच्या, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या, खालच्या भागातील खड्यासाठी ताठ दुर्बीण उत्तम काम करते. परंतु मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात दडलेल्या खड्यापर्यंत पोहोचायचे तर आत शिरून पुन्हा खाली वळावे लागते. लवचिक दुर्बिणीचे टोक सुमारे 270 अंशांपर्यंत वळते. तिची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असते आणि तिच्या आतल्या सव्वा मिलिमीटरहूनही अरुंद नळीतूनच खडा फोडणाऱ्या लेसरचा तंतू आणि पाणी, दोन्ही न्यावे लागतात. म्हणूनच दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी पाठीतून छोटे छिद्र घेऊन केलेली शस्त्रक्रिया सहसा अधिक योग्य ठरते, आणि डॉक्टरांनी ती सुचवली तर रुग्णाने नाराज होऊ नये.

छेद नाही म्हणजे धोका नाही, असा समज मात्र मला फार काळजीचा वाटतो. स्वच्छ दिसावे म्हणून सोडलेल्या पाण्याने मूत्रपिंडातील दाब वाढतो, आणि लघवीत जंतू असतील तर ते रक्तात शिरून जिवावर बेतू शकते. यासाठीच शस्त्रक्रियेपूर्वी लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यात जंतू आहेत का हे पाहणारी तपासणी, करतात व जंतुसंसर्ग आढळल्यास आधी त्यावर उपचार करतात. ताप असेल तर तो डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये.

शस्त्रक्रियेनंतर अनेकदा मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे एक मऊ नळी, ठेवतात. तिच्यामुळे वारंवार लघवीला लागणे किंवा लघवी किंचित लाल होणे संभवते. हा त्रास ओसरला की ती नळी आत आहे याचाच काहींना विसर पडतो. महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवर नवे खडे साचतात आणि ती काढणे हीच मोठी शस्त्रक्रिया होऊन बसते. म्हणून रुग्णालयातून घरी निघतानाच स्टेंट काढण्याची तारीख कागदावर लिहून घ्यावी आणि ती घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावी.