पिस्तूल, पोलाद आणि काळी विळी

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'पिस्तुलासाठी कार्बन स्टील की स्टेनलेस?' पिस्तूल बघायला मिळेल म्हणून पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांनो, माफ करा. मी विळी आणलीय. फिरवा, पण जपून.

ही माझ्या आजीची. कैऱ्या चिरून चिरून पातं काळं पडलंय. एका दिवाळीला आईने चकचकीत स्टेनलेसची विळी आणली आणि ही माळ्यावर गेली. त्या नव्या विळीवर मेथी चिरायची म्हणजे आधी मेथीची समजूत काढावी लागे! (मागे काकू हसताहेत, म्हणजे त्यांच्याकडेही तीच विळी आहे.) आजी दुपारी सगळे झोपले की ही खाली काढी, काम उरकलं की पुसून तेलाचा हात फिरवी आणि परत माळ्यावर. आईला दहा वर्षं पत्ता नव्हता. माझा राग तेव्हापासूनचा आहे: 'गंजत नाही' एवढं ऐकलं की आपण पुढचं काही विचारतच नाही.

गंमत अशी, की हे स्टेनलेस पोलाद बंदुकीपायीच सापडलं. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली रायफलीच्या नळीची झीज कमी करायला बघत होता. साधारण १३ टक्के क्रोमियमचं पोलाद हाती आलं, आणि गेलं सुऱ्याकाट्यांकडे! स्टेनलेसचं रिव्हॉल्व्हर कारखान्यातून नेहमीच्या विक्रीला यायला १९६५ उजाडलं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६०.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग मुद्दा पळवतो.

नळीचं नेहमीचं कार्बन पोलाद म्हणजे ४१४० (हे आकडे म्हणजे पोलादाच्या जातीचे क्रमांक). कार्बन ०.४ टक्के, क्रोमियम जेमतेम एक. त्यावरची निळी-काळी झिलई हाही लोखंडाचा ऑक्साइडच, पातळ. खरं रक्षण तेलाचं. स्टेनलेस नळी बहुधा ४१६ ची, क्रोमियम १२ टक्क्यांच्या वर. यंत्रावर नीट कापलं जावं म्हणून त्यात गंधक घालतात, आणि तेवढ्यापुरती गंजाला वाट मिळते. घामातलं मीठ तिथेच खड्डे पाडतं. जेवणाच्या ताटाचं ३०४ चालणार नाही, कारण ते तापवून-विझवून कडक होत नाही.

आता खरी अडचण. वर्कशॉपवाले हात वर करा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळलात, तर जाम होतो की नाही? पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, तशीच घासते. सुरुवातीच्या स्टेनलेस पिस्तुलांना हे भोवलं. उपाय म्हणजे दोन भागांचा कडकपणा किंवा जातच वेगळी ठेवायची. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नाही, म्हणून त्याचं आधी जमलं. अंगालगत, घामात राहणार असेल तर मी स्टेनलेस घेईन. कपाटात राहणार असेल तर कार्बन. तेल दोन्हीला.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. विळी कुणाकडे आहे? पुसून द्या हो, घामाचे हात लागलेत.